भेगेतून निघालेला शब्द

एनसीसीच्या शिबिरात किंवा लष्कराच्या छावणीत ‘फटीग’ लागली म्हटल्यावर कुणी पाठ टेकत नाही. झाडू, फावडे नाहीतर पाण्याची बादली हातात येते. तंबूभोवती चर खणायचा, गवत काढायचे, कोठीतून शिध्याची पोती उचलून आणायची, लंगरात बटाटे सोलायचे. कवायत आणि बंदूक सोडून जे जे अंगमेहनतीचे काम, ती फटीग. मराठी घरांतल्या कितीतरी मुलामुलींना हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा भेटतो तो असा, कामाचे नाव म्हणून. पुढे कधीतरी तो डॉक्टरांच्या कागदावर दिसतो, तेव्हा त्याचा अर्थ थकवा असतो. घरातले कुणी यंत्रशास्त्र शिकत असेल, तर तोच शब्द लोखंडाच्या दांड्याला लागलेला आढळतो. काम, थकवा आणि मोडलेले लोखंड हे तीन अर्थ एका शब्दात कसे एकवटले, हे पाहायला दोन हजार वर्षे मागे, रोमपर्यंत जावे लागते.

लॅटिनमध्ये ‘फातिगारे’ असे क्रियापद होते. दमवणे, जेरीस आणणे, घोड्याला किंवा शत्रूला उसंत न देता पिटाळणे, असा त्याचा अर्थ. त्याच्या शेजारीच दुसरे एक क्रियापद सापडते, ‘फातिस्केरे’. त्याचा अर्थ भेगा पडणे, उकलणे, सांधे सुटणे. आणि त्यावरूनच गळून जाणे, थकणे. व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात वादळात सापडलेली जहाजे खिळखिळी होतात, त्यांच्या अंगाला भेगा पडतात आणि समुद्र आत शिरतो. तिथे कवीने हेच क्रियापद योजले आहे. बरेच कोशकार या दोन्ही क्रियापदांचे मूळ एकच मानतात आणि ‘फातिगारे’च्या शेवटी ‘हाकणे’ या अर्थाचे क्रियापद जोडले गेले असावे असे सांगतात. भेग पडेपर्यंत हाकत नेणे, असा त्याचा जन्मार्थ होतो. पुढची सगळी कथा मला तरी या भेगेभोवतीच फिरताना दिसते.

फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १६६०च्या दशकात. परागंदा झालेला राजा चार्ल्स दुसरा याच सुमारास, १६६० मध्ये, गादीवर परतला होता आणि दरबारात फ्रेंच रीतिभातींची चलती होती. नवल म्हणजे ‘न थकणारा’ या अर्थाचा ‘इनडिफॅटिगेबल’ हा लांबलचक शब्द त्याआधी ऐंशीएक वर्षे इंग्रजीत येऊन बसला होता. थकवा दाखवायला इंग्रजीत जुने, घरगुती शब्द होतेच: ‘वेअरी’, ‘टायर्ड’. मग या पाहुण्याची गरज काय होती? माझे उत्तर असे आहे की जुने शब्द थकलेला माणूस स्वतःविषयी वापरत होता. ‘फटीग’ हा दुसऱ्याने, जरा दूर उभे राहून, टिपणवहीत लिहायचा शब्द ठरला. सेनापतीने सैनिकाविषयी, मालकाने कामगाराविषयी, डॉक्टरने रोग्याविषयी. सुरुवातीला तर त्याचा अर्थ थकवा असा नव्हताच. थकवणारे कष्ट, दगदग असा होता. थकलेली अवस्था हा अर्थ अठराव्या शतकात रुळला.

लष्कराने नेमका तो जुना अर्थ उचलला आणि आजवर सोडला नाही. १७७६च्या सुमारास सैनिकांच्या जादा अंगमेहनतीला इंग्रजीत फटीग म्हणू लागले होते. त्या कामासाठी जाडेभरडे वेगळे कपडे आले आणि एकोणिसाव्या शतकात त्या कपड्यांनाही तेच नाव पडले. यात एक कडू प्रकरण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ पासून उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या पलटणी मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. गुलामगिरीविरुद्ध लढायला आलेल्या या माणसांना अनेक ठिकाणी लढाईऐवजी खंदक खणणे, ओझी वाहणे, रस्ते बांधणे हेच काम रोज लावले गेले. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे कापून घेत. कवायतीला वेळ नाही, म्हणून ते लढाईला तयार नाहीत, आणि लढाईला तयार नाहीत म्हणून पुन्हा फावडेच. शेवटी जून १८६४ मध्ये लष्कराचे अ‍ॅडजुटंट जनरल लोरेन्झो थॉमस यांनी लेखी हुकूम काढला की या पलटणींकडून इतर पलटणींहून जास्त फटीग घेऊ नये. समान पगाराचा कायदाही त्याच महिन्यात झाला.

शब्दाच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वळण मात्र रेल्वेच्या रुळांवर आले. ८ मे १८४२, रविवार. व्हर्सायच्या राजवाड्यातली कारंजी पाहून पॅरिसला परतणाऱ्या माणसांनी गाडी खच्चून भरली होती. म्यूदोंजवळ पुढच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे इंजिन आणि डबे एकमेकांवर चढले, भट्टीतल्या निखाऱ्यांनी डबे पेटले. डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद ठेवण्याची तेव्हा रीत होती. पन्नासहून अधिक माणसे आतच जळाली. दोनच वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातून सुखरूप परतलेले दर्यावर्दी ज्यूल द्यूमाँ द्यूर्व्हिल त्या डब्यांत पत्नी आणि मुलासह होते. तिघेही गेले.

तो आस मोडला कसा, हा प्रश्न युरोपभरच्या इंजिनिअरांना पडला. लोखंड चांगले होते, ओझे झेपण्याजोगे होते, काल हाच आस बिनतक्रार फिरत होता. मोडलेल्या जागी चकचकीत दाणे दिसत, म्हणून बहुतेकांनी ठरवून टाकले की धक्क्यांमुळे लोखंडाची जात बदलते, तंतुमय असते ते स्फटिकासारखे बनते. विल्यम रँकिन हा विशीतला स्कॉटिश इंजिनिअर तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मोडके आस हाताळून पाहिले आणि १८४३ मध्ये लिहिले की मोड एका दिवसात होत नाही. जिथे आसाची जाडी एकदम बदलते, त्या कोपऱ्यात एक बारीक भेग सुरू होते, गुपचूप आत आत सरकते, आणि उरलेला गाभा ओझे पेलेनासा झाला की मग एके दिवशी तुकडे होतात.

आस एकदा फिरला की त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटरच्या रेल्वेप्रवासात एक मीटर व्यासाचे चाक सुमारे ६१ हजार वेळा फिरते. या एकसष्ट हजार ताणांपैकी एकही ताण आस मोडण्याइतका नसतो. बांधकामावर पक्कड हाताशी नसली की मजूर बांधणीची तार मागेपुढे वाकवून तोडतात, तिथे हेच घडत असते, फक्त थोड्या फेऱ्यांत. ओझ्याच्या आकाराने न तुटणारी वस्तू त्याच्या पुनरावृत्तीने तुटते, ही गोष्ट त्याआधी कुणी नीट ओळखली नव्हती. जर्मनीत क्लाउस्टालच्या खाणींवरचे अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९च्या सुमारास पाळण्याच्या लोखंडी साखळ्या पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या होत्या, पण त्यांच्याकडे या प्रकाराला नाव नव्हते. फ्रेंच गणिती पोन्सले यांनी १८३९च्या पुस्तकात सतत ताण सोसणाऱ्या धातूविषयी लिहिताना थकव्याचा शब्द वापरला. इंग्रजीत तो १८५४ मध्ये अवतरला. फ्रेडरिक ब्रेथवेट यांनी लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे धातूंच्या फटीगवर निबंध वाचला आणि हा शब्द आपला नसून फील्ड या आपल्या सहकाऱ्याने सुचवला, असे प्रांजळपणे सांगितले. ब्रेथवेट केवळ रेल्वेबद्दल बोलत नव्हते. पंप, वाफेची यंत्रे, तुळया, सगळीकडच्या अनाकलनीय मोडतोडीला त्यांनी एका शब्दाखाली आणले.

नाव मिळाले, तरी मोजमाप व्हायचे होते. ते आउगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने केले, आणि या कथेत मला सर्वांत आदर वाटतो तो या माणसाबद्दल. फ्रँकफुर्ट अँडर ओडर इथल्या रेल्वेच्या कारखान्यात त्याने आसाचे नमुने ओझ्याखाली अखंड फिरवत ठेवणारी यंत्रे बसवली. १८५०च्या दशकात सुरू केलेले हे प्रयोग १८७० पर्यंत चालले. काही नमुन्यांनी लक्षावधी फेऱ्या खाल्ल्या. त्यातून दोन गोष्टी ठरल्या: ताण जितका जास्त तितक्या कमी फेऱ्यांत मोड, आणि एका मर्यादेखाली ताण ठेवला तर लोखंड व्यवहारतः मोडतच नाही. आज पूल, गाड्या, विमाने, सांध्यांच्या शस्त्रक्रियेत बसवायचे कृत्रिम खुबे यांची आखणी करताना या मोजणीचाच आधार घेतात. लोखंडाची ‘जात बदलते’ हा समज मात्र चिवट होता. १९०३ मध्ये यूइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वीडिश लोखंडाच्या कणांवर आधी बारीक रेषा आणि मग त्या रेषांच्या भेगा होताना दाखवल्या, तेव्हा कुठे तो ढळला.

लोखंडाचा थकवा मोजता येतो म्हटल्यावर माणसाचा का नाही, असे शरीरशास्त्रज्ञांना वाटले. तुरिनचे आंजेलो मोसो यांनी १८८०च्या दशकात ‘एर्गोग्राफ’ नावाचे साधन बनवले. हात पट्ट्यांनी बांधून ठेवायचा, फक्त मधले बोट मोकळे, त्याला दोरीने वजन. तालावर बोट वाकवायचे, वजन उचलायचे, थकून उचलेनासे होईपर्यंत. प्रत्येक उचल काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढते आणि रेघांची उंची उतरत जाते. या उतरणीची चाल माणसागणिक वेगळी, पण त्याच माणसाची पुन्हा घेतली तर तशीच येई. मोसोंच्या सहकाऱ्यांपैकी माज्जोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर बोट यंत्रात घातले, तर वजन उचलण्याची ताकद साफ घटलेली. हात दिवसभर स्वस्थ होता, दमले होते ते मन, आणि रेघ मात्र हाताची उतरली. १८९१ मध्ये मोसोंचे ‘ला फातिका’ हे पुस्तक आले. समुद्र ओलांडून इटलीच्या किनाऱ्यावर कोसळणाऱ्या लावे पक्ष्यांपासून ते सिसिलीच्या गंधकाच्या खाणींत पाठीवर ओझी वाहून वाकलेल्या पोरांपर्यंत सारे त्यात आहे. मोसोंना त्या पोरांचा कळवळा होता.

त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे अर्ज केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. पुढे विजेचे दिवे आले आणि १९०५च्या सुमारास काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी लेबर कमिशनने १९०८ मध्ये हे सगळे पाहिले. इथला कामगार कामाच्या वेळात इकडेतिकडे रेंगाळतो, विडी ओढायला बाहेर जातो, अशी नोंद त्या अहवालात आहे, आणि प्रौढ पुरुषांचे तास थेट कायद्याने बांधायला बहुमताचा विरोध होता. डॉ. टी. एम. नायर या एका सभासदाने वेगळे मत नोंदवले. चौदा तास मशीनजवळ उभे राहणारे शरीर स्वतःहून घेत असलेली विश्रांती त्या ‘रेंगाळण्या’त होती, हे समजायला यंत्र लागत नव्हते. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाला बारा तासांची हद्द घातली.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट कळायला महायुद्ध यावे लागले. तोफगोळ्यांच्या कारखान्यांत स्त्रिया आठवड्याला साठ-सत्तर तास राबत होत्या आणि तरीही माल पुरत नव्हता. १९१५ मध्ये एक समिती नेमली गेली, एच. एम. व्हर्नन यांनी आकडे गोळा केले आणि निष्कर्ष मालकांना चकित करणारा निघाला: तास कमी केल्यावर अनेक कामांत उत्पादन वाढले, अपघात आणि गैरहजेरी घटली. १९१८ मध्ये ‘इंडस्ट्रियल फटीग रिसर्च बोर्ड’ स्थापन झाले. एका देशाच्या सरकारी खात्याच्या पाटीवर हा शब्द झळकला. तीनच वर्षांनी बर्नार्ड म्युशिओ या मानसशास्त्रज्ञाने निबंध लिहून विचारले की थकवा मोजण्याची खात्रीची कसोटी शक्य तरी आहे का. त्याचे म्हणणे असे पडले की नाही, आणि म्हणून काटेकोर शास्त्रीय चर्चेतून हा शब्द हद्दपार करावा. तर्क म्हणून ते खणखणीत होते. माणसाच्या थकव्यात स्नायू, झोप, कंटाळा, भीती, भूक इतके काही मिसळलेले असते की व्होलरच्या दांड्यासारखी एक रेघ निघत नाही. पण शब्द काढून टाकल्याने थकलेली माणसे ताजी झाली नसती. बोर्डानेच १९२९ मध्ये आपल्या नावातून ‘फटीग’ काढून ‘हेल्थ’ घातले. बाहेर शब्द चालतच राहिला.

दुसऱ्या महायुद्धात तो इस्पितळांत शिरला. लढाईने मोडलेल्या मनाला पहिल्या युद्धात ‘शेल शॉक’ म्हणत. आता ‘कॉम्बॅट फटीग’ म्हणू लागले. नाव बदलण्यामागे हेतू चांगला होता: हा वेडा किंवा भित्रा नाही, याची ताकद संपली आहे, विश्रांतीने परत येईल. सगळ्यांना ते पटले नव्हते. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत अमेरिकी जनरल पॅटन यांनी लष्करी इस्पितळांत अशा दोन सैनिकांना भित्रे म्हणून थोबाडीत मारली. त्यांचे वरिष्ठ आयझेनहॉवर यांनी त्यांना माफी मागायला लावली.

आणि आता या शब्दाने केलेल्या अन्यायाविषयी. १९५५च्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात एक अनोळखी आजार पसरला. सुमारे तीनशे कर्मचारी आजारी पडले, त्यात परिचारिका आणि डॉक्टर बहुसंख्य; इस्पितळ काही महिने बंद ठेवावे लागले. स्नायूंत वेदना, चक्कर, बोलताना शब्द न सापडणे, आणि बऱ्याच जणींना पुढे वर्षानुवर्षे न सुटलेली कमालीची अशक्तता. वैद्यकांनी त्याला लांबलचक नाव दिले, ‘मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’. १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून हा सामूहिक उन्माद होता असे जाहीर केले; कारण म्हणे आजारी पडलेल्यांत स्त्रियांची संख्या फार. त्यांनी रोगी तपासलेच नव्हते. १९८०च्या दशकात अमेरिकेत अशाच आजाराची लाट आली, तेव्हा १९८८ मध्ये तज्ज्ञांनी त्याचे नाव ठेवले ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’. कारण माहीत नाही तेव्हा लक्षणावरून नाव ठेवणे सावधपणाचे होते. रोग्यांना मात्र ते नाव महागात पडले. थकवा कुणाला येत नाही? बारा तास राबून आलेला माणूस थकलेला असतो, लहान मुलाची आई थकलेली असते. मग तुझे काय एवढे, असे घरचे, कचेरीतले, आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणू लागले. या आजाराची खरी खूण थकवा ही नव्हेच. थोडेसे चालले, थोडे वाचले, अंघोळ केली, तरी एखाद्या दिवसाने सगळी लक्षणे उसळतात आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो. विश्रांतीने भरून न येणारी ही अवस्था आहे. तरीही रोज थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या, हा सल्ला कित्येक वर्षे अधिकृतपणे दिला गेला, आणि त्याने आपण आणखी खालावलो असे रोगी सांगत राहिले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शिकेतून तो उपचार काढला. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये फटीग हा शब्द वगळून नवे नाव सुचवले होते. ते रुजले नाही. मोडलेला आस बोलत नाही आणि तरी इंजिनिअरांनी त्याच्या पोटातली भेग शोधली. इथे रोगी बोलत होते, लिहीत होते, आणि त्यांना ऐकून घेतले जात नव्हते, हे मला फार लागते.

लोखंडाचा आणि माणसाचा फटीग आज एकाच छताखाली पाहायचा असेल, तर विमानात पाहावा. नेव्हिल शूट हा कादंबरीकार मूळचा विमान-अभियंता. १९४८ मध्ये त्याने ‘नो हायवे’ कादंबरी लिहिली. फार्नबरोचा एक शास्त्रज्ञ गणित मांडून सांगतो की अमुक तास उडाल्यावर नव्या विमानाची शेपटी धातूच्या फटीगने तुटणार, आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. सहा वर्षांनी, जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये, जगातले पहिले प्रवासी जेट ‘कॉमेट’ इटलीजवळच्या समुद्रावर दोनदा हवेतच फुटले. एकूण ५६ जण गेले. तपास झाला तो फार्नबरोलाच. अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बुडवून, आत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून, उड्डाणांची नक्कल केली गेली. आधीची खरी उड्डाणे धरून तीन हजारांच्या थोड्या वर फेऱ्या झाल्या आणि कातडे फाटले. प्रत्येक उड्डाणात विमान फुगते आणि आकसते. कॉमेटमध्ये खिडकीसारख्या झडपांच्या कोपऱ्यांवर त्याचा ताण साचत होता. रँकिनने १११ वर्षांपूर्वी दाखवलेला तोच कोपरा.

तेव्हापासून विमानाच्या कातड्याची प्रत्येक फेरी वहीत लिहिली जाते आणि ठरलेल्या संख्येला तपासणी होते. वैमानिकाचे तास मोजायला त्याहून जास्त वेळ लागला. रात्रीची लँडिंग, पहाटेची हजेरी, तुटक झोप यांचाही साठा होतो, हे वैमानिकांच्या संघटना आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगत होत्या. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर बंधन, आणि वैमानिकांच्या फटीगचा अहवाल विमान कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी द्यायचा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे अंमलबजावणीचे दोन टप्पे ठरले. हे नियम योग्य आहेत, आणि ते सैल करण्याची मागणी जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा तिकीट काढणाऱ्या प्रवाशांनीही वैमानिकांच्या बाजूने उभे राहायला हवे.